सातांपैकी चार

लहान झरीच्या ग्रामपंचायतीत सात जागा होत्या आणि सभा भरायला चार माणसं लागत. हे गणित गावात कोणी कधी करून पाहिलं नव्हतं. नीलमनं ते पहिल्यांदा केलं ते मार्चमधल्या एका गुरुवारी, सुपात हरभरा पाखडता पाखडता.

त्या दिवशी ग्रामसेवक पियुष तिच्या दारात गाडी बंद न करताच थांबला. त्याच्याकडे चार गावं होती. लहान झरीच्या वाट्याला गुरुवार यायचा.

"ताई, सही नको, फक्त वाचून घ्या," असं म्हणून त्यानं एक कागद पुढं केला.

कागद तालुक्याच्या शिक्षण विभागाचा होता. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या होत्या. लहान झरीच्या शाळेत मुलं अकरा. जूनपासून अकराही जणांनी मोठ्या झरीला जायचं. हरकत असेल तर ग्रामपंचायतीनं कारणांसह ठराव करून पाठवावा. शेवटचा दिवस पुढल्या आठवड्यातला शनिवार.

"हे तं तीन हप्त्यांपहिलेचं हाय," तारीख पाहून नीलम म्हणाली.

"मोठ्या झरीले गेलतं. तालुक्याच्या यादीत तुमचं गाव अजून तिकडंच आहे. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, मी काल उचललं."

नीलम पंचायतीची सदस्य होती. तिची मुलगी प्राजक्ता त्या अकरांतली एक, दुसरीत शिकणारी. मोठी झरी अडीच किलोमीटरवर होती आणि मधे नाला होता. जुलै ते सप्टेंबर तो कधी दोन दिवस, कधी आठवडाभर वाट बंद करायचा. मागच्या पावसात एकाची मोटरसायकल त्यात गेली. माणूस बाभळीला धरून वाचला. पाचवीपासून पुढं मुलांना नाला ओलांडावाच लागे, आणि म्हणून लहान झरीतल्या मुलींची शाळा बहुधा चौथीलाच संपायची. ज्यांची ऐपत होती त्यांची मुलं पिवळ्या व्हॅनमधून कॉन्व्हेंटला जात. नीलमचा नवरा अकोल्याच्या एका दालमिलमध्ये कामाला होता आणि शनिवारी घरी यायचा. व्हॅन त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. प्राजक्तासाठी गावात शाळा आहे तोवर शाळा आहे, एवढं सरळ होतं.

"मंग ठराव करून टाकू," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तं वेगळे निंगालो आपन."

ते खरंही होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दोन्ही झऱ्यांची मिळून एकच पंचायत होती. सदस्य अकरा, त्यांतले नऊ मोठ्या झरीचे, दोन लहानीचे. लहान झरीच्या शाळेचं छप्पर गळतं, हा विषय त्या पंचायतीत सात वर्षं घेतला गेला आणि सातही वर्षं नऊ विरुद्ध दोन असा मागे पडला. शेवटी नत्थुजींनी मनावर घेतलं. नत्थुजी म्हणजे लहान झरीतला सगळ्यांत जाणता माणूस. अमरावतीच्या आयुक्त कार्यालयात त्यांनी नऊ वर्षं खेटे घातले. तिथला शिपाई त्यांना 'झरीवाले बाबा' म्हणायला लागला होता. वेगळ्या पंचायतीला लागणारा लोकसंख्येचा आकडा भरेना, तेव्हा पुण्याला, चाकणला, सुरतला गेलेल्यांचीही नावं गावात राहणारी म्हणून लावली गेली. त्यांची घरं होती, कुलपं होती, मतदार यादीत नावं होती; नसत ती फक्त माणसं. अखेर आदेश निघाला, गुलाल उडाला आणि सात जागांची पंचायत मिळाली.

निवडणूक बिनविरोध झाली, कारण विरोध करायला कोणी उरतच नव्हतं. नव्वद घरांच्या गावात ऐंशी घरं एकाच भावकीची. सातांतली एक जागा अशा प्रवर्गासाठी राखीव निघाली, की त्या प्रवर्गाचं गावात एकही घर नव्हतं. ती रिकामीच राहिली. दुसरीवर शिवम निवडून आला, तो चाकणच्या कारखान्यात होता आणि सणाला यायचा. उरले पाच. सरपंच देवीदास, हे नत्थुजींचे धाकटे चुलतभाऊ. नत्थुजींचा मुलगा उद्धव. कुंदा आणि केदार, हेही भावकीतलेच. आणि नीलम. नीलमचे सासरे या गावात घरजावई म्हणून आले होते, त्यामुळे तिचं आडनाव वेगळं; पण नात्यानं देवीदास तिचे मामेसासरे लागत.

पियुषनं बुधवारची सभा लावली. नोटीस फिरली, पाचही जणांनी सह्या केल्या. कारणं नीलमनं स्वतः वहीत उतरवली: नाला किती दिवस बंद असतो, पहिलीतली मुलं किती लहान आहेत, गेल्या दहा वर्षांत किती मुलींनी चौथीनंतर शाळा सोडली. नावांसकट एकोणीस.

मंगळवारी पहाटे नत्थुजी गेले. वय ब्याऐंशी, आजार काही नाही. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपले. दुपारी देवीदासांनी अंत्ययात्रेतूनच पियुषला फोन करून बुधवारची सभा रद्द केली.

यात देवीदासांचं चुकलं असं कोणी म्हणालं नसतं. भावकीतला कर्ता माणूस गेला म्हणजे ऐंशी घरांना दहा दिवसांचं सुतक. सुतकात लोक शेतात जातात, ढोरांना चारा घालतात. देवाच्या पायरीला मात्र पाय लावत नाहीत. आणि लहान झरीच्या पंचायतीचं कार्यालय मारोतीच्या देवळात होतं. नव्या पंचायतीला इमारत नव्हती. देवळाच्या सभामंडपाला लागून एक खोली होती, तीत पंखा होता, दाराला कडी होती, भाडं नव्हतं. कपाट आणि टेबल तिथं नेऊन ठेवलं तेव्हा कोणाच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. दोन वर्षांत दोनदा याच कारणानं मासिक सभा पुढं गेली होती आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

गुरुवारी नीलम देवीदासांकडे गेली. ते ओट्यावर पोतं टाकून बसले होते. डोकं तुळतुळीत, गळ्यात पंचा. पियुषही तिथंच उभा होता.

"मामाजी, परवा शेवटचा दिवस हाय."

"मले का मालूम नाई? पन मारोतीच्या पायऱ्या कोन चढंन? तू सोडून समदे सुतकात हावो आमी."

"मंग सभा दुसरीकडं घ्या."

"कुठी? तुह्या सैपाकघरात?"

पियुष घसा खाकरून म्हणाला, "कार्यालयाची जागा बदलाची तर ठराव लागते."

"अन् तो ठराव कुठी होईन?"

"सभेत."

"अन् सभा?"

"कार्यालयात."

देवीदास एवढ्या दुःखातही हसले. "घ्या. सरकारबी सुतकातच हाय म्हना."

"सह्या घरोघरी घेता येत नाईत का?" नीलमनं विचारलं. "पहिले मोठ्या झरीत तसंच चाले."

"पहिले चाले. आता सभेचा फोटो टाकावा लागते मोबाईलवरून, जागेसकट. कमीत कमी चार तोंडं दिसली पाहिजे." पियुषनं देवळाकडे बोट केलं. "पण एक आहे. जागा म्हणजे मोबाईलच्या हिशोबानं जागा. देवळासमोर कडुनिंबाच्या पारावर बसलं तरी तीच जागा दाखवते. पायऱ्या चढाचं काम नाही. खास सभा आहे, एका दिवसाची नोटीस पुरते. उद्या नोटीस, परवा दहाले सभा."

नीलमनं देवीदासांकडे पाहिलं. ते पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत होते.

"लोक काय म्हनतीन? भावाची राख अजून गरम हाय अन् हा सभा घेऊन बसला."

"कोनते लोक, मामाजी? गावात तुमीच तं हा समदे."

"म्हनूनच तं भेव हाय," देवीदास म्हणाले. "परका बोलला असता तं उत्तर देल्लं असतं. घरच्याईले काय उत्तर द्याव?" मग म्हणाले, "पार्बतावैनीले इचार. ते हो म्हनत असन तं पाहू."

पार्बताबाई म्हणजे नत्थुजींच्या पत्नी. त्यांच्या घरात बाया बसल्या होत्या. आतल्या खोलीत उद्धव घोंगडीवर वेगळा बसला होता. अग्नी त्यानं दिला होता, त्याला दहा दिवस उंबरठा ओलांडायचा नव्हता. नीलम पार्बताबाईंच्या पायाशी बसली आणि विषय कसा काढावा हे तिला कळेना. शेवटी तिनं सरळ सांगून टाकलं.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "त्यायनं नऊ वर्सं अमरावतीच्या चकरा मारल्या," ती म्हणाली. "तिकडची भजी खाऊ खाऊ पोट बिघडवून घेतलं. ते का पंचायतीले कुलूप लावासाठी? बसा म्हना त्याईले. म्या सांगतलं म्हना."

नीलमला रडू यायचं ते इथं आलं.

हा निरोप घेऊन ती परत गेली, तर देवीदास म्हणाले, "वैनी दुःखात हाय, तिले आता काय सुदरते? कुंदा बसत असन तं मी बसतो." कुंदा म्हणाली, "भाऊजी बसले तं मी हाव. पन केदारले इचार, नाई तं मांगून तोच बोट दाखवन." केदार बैलांना पाणी पाजत होता. तो म्हणाला, "नीलमवैनी, माह्या पोराचीबी शाया हाय ते. पन आदी थे दोघं हो म्हनू द्या."

तिन्ही घरं एका हाकेच्या अंतरात होती आणि तिघांनी एकमेकांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण सुतकात असली गोष्ट पहिल्यांदा तोंडातून काढणारा तो कायमचा पहिला ठरतो, हे तिघांनाही ठाऊक होतं. नीलमनं दोन दिवस फेऱ्या घातल्या. केदारला सांगितलं की मामाजी तयार आहेत. कुंदाला सांगितलं की केदार तयार आहे. मामाजींना सांगितलं की दोघं तयार आहेत. सांगताना ते पुरतं खरं नव्हतं, पण शुक्रवारी संध्याकाळी तिन्ही ठिकाणून होकार आला आणि तेव्हा ते खरं झालं.

चार. ती स्वतः, देवीदास, कुंदा, केदार. पाचवा उद्धव उंबरठ्याआड होता, त्यामुळे यातला एकही कमी पडून चालणार नव्हतं.

शनिवारी दहाला ऊन चांगलंच तापलं होतं. पियुषनं पारावर रजिस्टर ठेवलं, वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून त्यावर हेल्मेट ठेवलं. देवीदास आले आणि खुर्ची नाकारून भुईवर बसले. कुंदा आली, पदर कपाळापर्यंत ओढून बाजूला बसली. पारासमोरच्या घरांतून कोणी बाहेर आलं नाही, पण दारं सगळी उघडी होती.

दहा वाजून दहा मिनिटांनी नीलमनं केदारला फोन लावला.

"वैनी, मी गाडीत हाव," केदारचा आवाज आला. मागे एस.टी.चा खडखडाट. "पोराले घेऊन अकोल्याले चाललो. राती नऊपासून आंग भाजून राह्यलं. फिट आल्यावानी झालं पहाटे. काल सांजीले तुमाले हो म्हनलं अन् रातीच..."

केदारचा मुलगा पहिलीत होता. नीलमनं त्याला परवाच शाळेच्या पायरीवर पेरू खाताना पाहिलं होतं.

"आदी त्याले न्या, भाऊ," ती म्हणाली. "दवाखान्यात पोचले की फोन करा." दुसरं काय म्हणणार होती?

फोन ठेवून तिनं सांगितलं तेव्हा कुंदाचा हात आपोआप छातीवर गेला. देवीदासांनी देवळाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"शिवमले व्हिडीओवर घेता येत नाई का?" कुंदानं विचारलं.

"नियमात नाही, ताई."

"मंग नियमात काय हाय?"

"अर्धा तास थांबाचं आहे," पियुष म्हणाला.

ते थांबले. पारापासून चाळीस पावलांवर नत्थुजींचं घर होतं आणि उघड्या दारातून उद्धव दिसत होता. त्यालाही हे दिसत होतं. एकदा तो उठला. उंबरठ्यापर्यंत आला. आतून पार्बताबाईंचा आवाज ऐकू आला, "जाय, उद्धव, सही करून ये." लगेच दुसऱ्या दोन-तीन बायांचे आवाज त्यावर चढले, "अवो माय, अग्नी देल्ला त्यानं! असं कुठी असते का?" उद्धव चौकटीला हात लावून उभा राहिला. नीलम नकळत पारावरून उठली. दोघांची नजर भेटली. मग तो मागे वळला आणि घोंगडीवर जाऊन बसला. त्याचा राग करावा असं तिला वाटलं, पण त्यासाठी जे लागतं ते आत सापडलं नाही.

साडेदहाला पियुषनं रजिस्टरमध्ये लिहिलं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब. तिघांच्या सह्या घेतल्या.

"आता तहकूब सभा सोमवारी," तो म्हणाला. "त्या सभेले गणपूर्ती लागत नाही. तुम्ही एकट्या बसल्या, ताई, तरी ठराव होते."

"सोमवारी?"

"सोमवारी."

"अन् आज एकटीनं केला तं?"

"आज चार लागते."

देवीदास गुडघ्यावर हात टेकून उठले. "मोठ्या झरीत अकरा होते," ते म्हणाले. "त्याईचं येकमेकाशी येक दिवस पटलं नाई. दोघं दारू पेऊन येत, येक झोपे. पन सहा जन कुठून ना कुठून भरतच." त्या अकरांनी शाळेसाठी हात वर केला नसता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारच्या गाडीनं नीलम दोन दिवसांची मुदत मागायला तालुक्याला गेली. कार्यालय बंद होतं. शेवटच्या दिवशीही शनिवारची सुट्टी असते, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं. म्हणजे खरा शेवटचा दिवस शुक्रवार होता. तिथल्या बाकावर ती थोडा वेळ बसली. मग सोमवारी ती मारोतीच्या पायऱ्या चढून खोलीत गेली, खुर्चीत बसली, सभेची अध्यक्ष झाली आणि एका मतानं ठराव मंजूर केला. एकोणीस मुलींची नावं पियुषनं सुवाच्य अक्षरात उतरवली. त्याच दिवशी तिनं तो तालुक्याला नेऊन दिला. आवक बारनिशीतल्या बाईंनी शिक्का मारला आणि त्याखाली लिहिलं: मुदतीनंतर प्राप्त.

"यादी सकाळीच अकोल्याला गेली हो," त्या म्हणाल्या. आवाजात खरोखरची हळहळ होती. "शुक्रवारी असता तर मी स्वतः वर नेऊन दिला असता."

केदारच्या मुलाचा ताप चौथ्या दिवशी उतरला. डॉक्टरांनी साधाच ताप म्हणून सांगितलं.

तेरवी झाली. सुतक फिटलं. मे महिन्यात आदेश आला, गुरुजींची बदली झाली आणि अकरा दाखले तयार होऊन पडले. जूनच्या चौथ्या गुरुवारी मासिक सभा होती. शिवम सुट्टीवर आला होता, उद्धव होता, केदार होता. राखीव जागा सोडली तर सहाच्या सहा जण हजर. पंचायत झाल्यापासून इतकी भरलेली सभा कधी झाली नव्हती. पियुषनं फोटो काढला तेव्हा सगळे मावावेत म्हणून त्याला दारापर्यंत मागे सरकावं लागलं.

पहिला विषय नत्थुजींना श्रद्धांजली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले.

दुसरा विषय देवीदासांनी मांडला. मार्चमध्ये जे झालं ते पुन्हा होऊ नये, असं ते म्हणाले. पंचायतीचं कार्यालय देवळात असू नये. गावात सरकारी खोली एकच आहे आणि ती आता रिकामी झाली आहे. शाळेची खोली पंचायतीला मिळावी, असा ठराव करून जिल्ह्याला पाठवावा. छप्पर गळतं, पण पंचायतीचंच कार्यालय म्हटल्यावर दुरुस्तीला निधी मिळू शकतो.

"हे बाकी बरोबर हाय," केदार म्हणाला.

"आदीच कराले पाह्यजे होतं," कुंदा म्हणाली, आणि मग तिलाच काहीतरी जाणवून ती गप्प झाली.

सगळे नीलमकडे पाहायला लागले. विरोध करील अशी भीती त्यांच्या नजरेत नव्हती. तिचं मन राखावं, एवढंच होतं. नीलमनं विचार केला. ठरावात चुकीचं काही नव्हतं. खोली रिकामी होती, पंचायतीला जागा हवी होती, पुढचं सुतक कधी ना कधी येणारच होतं. नाही म्हणायला तिच्याजवळ एक कारण होतं आणि ते कारण सोमवारपासून अडीच किलोमीटर चालत जाणार होतं.

"भिंतीवर पोराईचे पाढे लिवले हाये," ती म्हणाली. "चुना मारसान तं मारा."

मग तिनं हात वर केला. सहा विरुद्ध शून्य. ठराव मंजूर झाला आणि मुदतीच्या कितीतरी आधी जिल्ह्याला पोचला.